प्रौढ वयातील टॉन्सिल शस्त्रक्रिया : बरे होण्याचे दोन आठवडे

नवी दिल्ली : टॉन्सिल काढण्याची शस्त्रक्रिया म्हटली की लहान मूल, एखाद्या दिवसाचे रुग्णालय आणि मनसोक्त आइस्क्रीम असे चित्र सर्वसाधारणपणे डोळ्यांसमोर उभे राहते. प्रौढ वयात हीच शस्त्रक्रिया करून घेणाऱ्यांचा अनुभव मात्र पुष्कळ निराळा असतो. प्रत्यक्ष शस्त्रक्रिया साधारण अर्ध्या-पाऊण तासात आटोपते आणि बहुतेक रुग्ण त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी परततात. घशातील जखम भरून येण्यास मात्र सुमारे दोन आठवडे लागतात, आणि या काळात वेदना दिवसागणिक कमी होत जातील अशी अपेक्षा ठेवणाऱ्यांच्या पदरी निराशा येते. पहिल्या दोन दिवसांनंतर वेदना वाढतात, काही दिवस टिकून राहतात आणि त्यानंतरच ओसरू लागतात.

याहून महत्त्वाची बाब रक्तस्रावाची आहे. या शस्त्रक्रियेनंतरचा सर्वांत गंभीर धोका असलेला रक्तस्राव पुष्कळदा रुग्णालयात नव्हे, तर घरी आणि तोही पाचव्या ते दहाव्या दिवसाच्या दरम्यान होतो. जखम आता भरत आली, असे समजून रुग्ण व कुटुंबीय निर्धास्त होऊ लागतात तो हाच काळ. त्यामुळे कोणत्या दिवशी काय अपेक्षित आहे, काय स्वाभाविक आहे आणि कोणत्या क्षणी रुग्णालय गाठलेच पाहिजे, हे शस्त्रक्रियेपूर्वीच ठाऊक असणे रुग्णाच्या सुरक्षिततेसाठी आवश्यक ठरते.

टॉन्सिलचे स्थान आणि कार्य

घशाच्या प्रवेशद्वाराशी, पडजिभेच्या दोन्ही बाजूंना असलेल्या लसिका ऊतींच्या दोन गाठींना टॉन्सिल म्हणतात. मराठी वैद्यकीय परिभाषेत त्यांना ‘गिलायु’ असे नाव आहे. नाकामागील ॲडिनॉइड, जिभेच्या मुळाशी असलेली लसिका ऊती आणि हे दोन टॉन्सिल मिळून घशाभोवती एक कडे तयार होते. जर्मन शरीररचनाशास्त्रज्ञ हाइन्रिख फॉन वाल्डेयर यांच्या नावाने ते ओळखले जाते. श्वास आणि अन्न यांवाटे येणाऱ्या जंतूंची ओळख शरीराच्या संरक्षण यंत्रणेला करून देणे, हे या कड्याचे काम. ते बालपणी सर्वाधिक सक्रिय असते आणि वाढत्या वयाबरोबर त्याचे महत्त्व कमी होत जाते.

टॉन्सिलच्या विकारांची आणि ते काढण्याची माहिती प्राचीन आहे. सुश्रुतसंहितेत ‘तुंडिकेरी’ या विकाराचे वर्णन आढळते, तर इसवी सनाच्या पहिल्या शतकात रोमन लेखक सेल्सस याने टॉन्सिल काढण्याची पद्धत नोंदवून ठेवली आहे. आज ही शस्त्रक्रिया पूर्ण भूल देऊन तोंडावाटे केली जाते. बाहेरून कोठेही छेद दिला जात नाही.

प्रौढांना शस्त्रक्रियेचा सल्ला केव्हा दिला जातो

वारंवार होणारा टॉन्सिलदाह हे सर्वांत सामान्य कारण होय. किती वेळा घसा धरला म्हणजे ‘वारंवार’ म्हणायचे, यासाठी जगभर एक ढोबळ निकष वापरला जातो : एका वर्षात सात वेळा, किंवा सलग दोन वर्षे दरवर्षी पाच वेळा, किंवा सलग तीन वर्षे दरवर्षी तीन वेळा तीव्र दाह. हा निकष मुळात लहान मुलांवरील अभ्यासातून आलेला असला तरी प्रौढांच्या बाबतीतही त्याचा आधार घेतला जातो. याशिवाय टॉन्सिलभोवती पुन्हा पुन्हा पू साचणे, मोठ्या टॉन्सिलमुळे झोपेत श्वास अडणे, आणि एकच टॉन्सिल अकारण मोठा झाल्याने कर्करोगाची शंका येणे, ही प्रौढांमधील प्रमुख कारणे आहेत.

शस्त्रक्रियेचा लाभ खरोखर होतो का, या प्रश्नावर ब्रिटनमधील २७ रुग्णालयांत ४५३ रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष ‘द लॅन्सेट’ या नियतकालिकात २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. सहभागी सर्व रुग्ण १६ वर्षे वा त्याहून अधिक वयाचे होते. दोन वर्षांच्या काळात घसा दुखण्याच्या दिवसांची मध्यक संख्या लगेच शस्त्रक्रिया केलेल्या गटात २३, तर औषधोपचारांवर ठेवलेल्या गटात ३० होती. शस्त्रक्रियेनंतरच्या पंधरवड्यातील दुखणे सोसूनही एकूण हिशेबात रुग्णाचा फायदा होतो, असा याचा अर्थ. याच चाचणीत शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी सुमारे १९ टक्के रुग्णांत रक्तस्रावाची नोंद झाली. लाभ आणि जोखीम या दोन्ही बाजू निर्णयापूर्वी रुग्णासमोर असणे म्हणूनच इष्ट.

प्रौढांना त्रास अधिक का होतो

टॉन्सिल काढल्यानंतर त्या जागी सहसा टाके घालून जखम बंद केली जात नाही. दोन्ही बाजूंना उघडी जखम राहते आणि ती तळापासून हळूहळू भरत येते. या जखमेच्या तळाशी घशाचा स्नायू असतो. आवंढा गिळताना, बोलताना, जांभई देताना तो आकुंचन पावतो. शरीराच्या अन्य भागातील जखमेला विश्रांती देता येते, परंतु घशाला ती देता येत नाही, कारण काही खाल्ले-प्यायले नाही तरी लाळ गिळावीच लागते.

मुलांच्या तुलनेत प्रौढांच्या टॉन्सिलना वर्षानुवर्षांच्या दाहामुळे व्रणऊती तयार झालेली असते. त्यामुळे ते भोवतालच्या स्नायूला चिकटलेले असतात आणि सोडवून काढताना ऊतींना अधिक इजा पोहोचते. मुले अनेकदा आठवड्याभरात खेळू लागतात. प्रौढांना मात्र दैनंदिन व्यवहार पूर्ववत करण्यास दहा ते चौदा दिवस लागतात.

पारंपरिक साधनांनी, विद्युत-दहनाने, कोब्लेशनने किंवा लेझरने अशी ही शस्त्रक्रिया अनेक प्रकारे केली जाते. नवे तंत्र म्हणजे वेदनारहित पंधरवडा, असा समज करून घेणे योग्य नाही. कोणत्याही पद्धतीत जखम उघडीच राहते आणि ती भरण्याचा क्रम थोड्याफार फरकाने तोच असतो.

दिवसांचा क्रम

पहिला व दुसरा दिवस : भूल उतरल्यानंतर घसा दुखतो, मळमळते, एखादी उलटी होऊ शकते. पोटात गेलेल्या थोड्या जुन्या रक्तामुळे पहिल्या उलटीचा रंग काळपट असणे संभवते. तोंड उघडे ठेवणाऱ्या साधनाच्या दाबामुळे जीभ बधिर वाटणे, ओठांच्या कडा सोलवटणे आणि जबडा आखडणे हेही स्वाभाविक आहे. भुलेच्या काळात दिलेल्या वेदनाशामकांचा अंमल शिल्लक असल्याने काही रुग्णांना हे दिवस अनपेक्षितपणे सोपे जातात. अंगात किंचित ताप राहू शकतो.

तिसरा ते सातवा दिवस : सर्वाधिक त्रासाचा काळ. जखमेवर पांढरट-पिवळसर थर जमतो, पडजीभ सुजल्यामुळे घशात काहीतरी अडकल्यासारखे वाटते आणि तोंडाला दुर्गंधी येते. अनेकांचे कान ठणकतात. कानात दोष नसतानाही ही कळ येते, कारण टॉन्सिलच्या जागेची आणि मध्यकर्णाची संवेदना एकच मज्जातंतू वाहून नेतो. सकाळी उठल्यावर वेदना सर्वांत तीव्र असते, कारण रात्रभर पाणी पोटात न गेल्याने आणि तोंडाने श्वास घेतल्याने घसा कोरडा पडलेला असतो.

पाचवा ते दहावा दिवस : जखमेवरील थर सुटू लागतो. थर सुटताना वेदना एखाद्या दिवसापुरती पुन्हा उसळते आणि थुंकीत रक्ताची रेघ दिसू शकते. घरी होणाऱ्या रक्तस्रावाची शक्यता याच दिवसांत सर्वाधिक असते.

अकरावा ते चौदावा दिवस : गिळणे सुसह्य होते, आवाज सुधारतो, झोप लागू लागते. नेहमीचा आहार टप्प्याटप्प्याने सुरू करता येतो.

तिसरा आठवडा आणि पुढे : जखमेवर गुलाबी नवी त्वचा धरते. घशात ओढल्यासारखे वाटणे, जांभई देताना कळ येणे किंवा चवीत किंचित फरक जाणवणे काही आठवडे चालू राहू शकते. बहुतेकांच्या बाबतीत ते आपोआप नाहीसे होते.

पांढरा थर म्हणजे पू नव्हे

आरशात घसा पाहणाऱ्या रुग्णाला सर्वाधिक घाबरवणारी गोष्ट म्हणजे जखमेवरील पांढरा-पिवळा थर. हा जंतुसंसर्ग नसून जखमेवर धरलेली खपली होय. त्वचेवरील खपली कोरडी आणि तपकिरी दिसते. घशातील खपली सतत ओली राहत असल्याने पांढरी दिसते, एवढाच फरक. दुर्गंधीही याच थरामुळे येते आणि तो सुटल्यावर जाते. बोटाने, कापसाने किंवा दात घासण्याच्या ब्रशने हा थर काढण्याचा प्रयत्न केल्यास रक्तस्रावाला निमंत्रण मिळते. दात मात्र पहिल्या दिवसापासून मऊ ब्रशने हलके घासावेत. जोरजोरात खळखळून गुळण्या करणे पहिल्या काही दिवसांत टाळावे. साध्या किंवा किंचित मिठाच्या कोमट पाण्याने तोंड विसळणे पुरेसे असते.

या थराला संसर्ग समजून स्वतःच्या मनाने प्रतिजैविके घेण्याचा प्रकार होतो. शस्त्रक्रियेनंतर सरसकट प्रतिजैविके दिल्याने वेदना किंवा रक्तस्राव यांत अर्थपूर्ण घट होत नाही, असे उपलब्ध अभ्यासांच्या एकत्रित परीक्षणातून दिसून आले आहे. तज्ज्ञांनी विशिष्ट कारणासाठी ती लिहून दिली असतील तरच घ्यावीत.

वेदनाशामकांचे वेळापत्रक

या पंधरवड्यातील सर्वांत मोठी चूक म्हणजे दुखणे असह्य होईपर्यंत औषधाची वाट पाहणे. वेदना वाढली की रुग्ण गिळणे टाळतो, गिळणे टळल्याने पाणी पोटात जात नाही, घसा कोरडा पडतो, स्नायू आखडतात आणि वेदना आणखी वाढते. हे चक्र एकदा सुरू झाले की मोडणे कठीण जाते. त्यामुळे निदान पहिला आठवडाभर लिहून दिलेली वेदनाशामके घड्याळाप्रमाणे घेणे हिताचे ठरते. पहाटेची मात्रा चुकू नये म्हणून रात्री गजर लावून औषध देण्याचा सल्ला अनेक तज्ज्ञ देतात. जेवणापूर्वी अर्धा ते पाऊण तास औषध घेतल्यास गिळणे सुकर होते. गोळी गिळणे अवघड वाटल्यास पातळ किंवा पाण्यात विरघळणाऱ्या स्वरूपातील औषध मागून घेता येते.

पॅरासिटामॉल हा या उपचाराचा पाया. निरोगी प्रौढासाठी त्याची २४ तासांतील कमाल मर्यादा ४ ग्रॅम मानली जाते. म्हणजे ५०० मिलिग्रॅमच्या आठ किंवा ६५० मिलिग्रॅमच्या सहा गोळ्या. कमी वजनाच्या, यकृताचा विकार असलेल्या आणि नियमित मद्यपान करणाऱ्या व्यक्तींसाठी ही मर्यादा याहून कमी असते. भारतात सर्दी-तापावरील अनेक मिश्र औषधांत पॅरासिटामॉल असतेच. त्यामुळे वेगवेगळ्या नावांच्या गोळ्या एकत्र घेताना नकळत मात्रा ओलांडली जाण्याचा धोका असतो. वेष्टनावरील घटक वाचणे किंवा औषधविक्रेत्याकडून खात्री करून घेणे आवश्यक आहे.

आयबुप्रोफेनसारख्या दाहशामक औषधांमुळे रक्तस्राव वाढतो का, यावर शल्यविशारदांत मतभेद आहेत. काही जण ती नियमितपणे देतात, काही टाळतात. ज्यांनी शस्त्रक्रिया केली त्यांच्याच सूचनेप्रमाणे वागणे उचित. ॲस्पिरिन मात्र वेदनाशामक म्हणून घेऊ नये, कारण ते रक्त गोठण्यात अडथळा आणते. हृदयविकारासाठी ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल किंवा वॉर्फरिन घेणाऱ्या रुग्णांनी ही औषधे परस्पर बंद करू नयेत. ती केव्हा थांबवायची आणि केव्हा पुन्हा सुरू करायची, हे हृदयरोगतज्ज्ञ आणि शल्यविशारद यांनी मिळून ठरवायचे असते.

तीव्र वेदनेसाठी काही वेळा ट्रामाडॉलसारखी औषधे दिली जातात. त्यांनी झोप येते, बद्धकोष्ठता होते आणि श्वसन मंदावू शकते. झोपेत श्वास अडण्याचा विकार असलेल्यांनी ती विशेष सावधपणे घ्यावीत. कोडीन आणि ट्रामाडॉल ही औषधे टॉन्सिलच्या शस्त्रक्रियेनंतर १८ वर्षांखालील रुग्णांना देऊ नयेत, असा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१७ मध्ये दिला आहे. मोठ्यांसाठी आणलेले औषध घरातील लहानांच्या हाती लागू नये, याची काळजी म्हणूनच घ्यावी.

आहार : गिळणे हाच व्यायाम

खाण्यापिण्याबाबत जुन्या आणि नव्या वैद्यकीय सल्ल्यात फरक पडला आहे. ठरावीक पदार्थच खाल्ले पाहिजेत, असा कडक नियम आता मानला जात नाही. रुग्णाला जे गिळता येईल ते त्याने खावे, मात्र खाणे आणि विशेषतः पिणे थांबवू नये, यावर भर दिला जातो. गिळण्याच्या क्रियेने घशातील स्नायू आखडत नाहीत आणि जखम स्वच्छ राहते.

दिवसभरात दोन ते अडीच लिटर द्रव पोटात जाईल, असे उद्दिष्ट सर्वसाधारणपणे ठेवले जाते. मूत्रपिंडाच्या किंवा हृदयाच्या विकारामुळे पाण्यावर बंधन असलेल्यांनी मात्र आपल्या डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. एका वेळी पेलाभर पिण्यापेक्षा दर दहा-पंधरा मिनिटांनी दोन घोट घेणे सोपे जाते. लघवी कमी व गडद पिवळी होणे, उभे राहताना चक्कर येणे ही पाणी कमी पडल्याची लक्षणे होत.

भारतीय स्वयंपाकघरात या पंधरवड्यासाठी लागणारे पदार्थ सहज उपलब्ध असतात. तांदळाची पेज, मऊ भात आणि साधे वरण, तूप घातलेली पातळ खिचडी, दहीभात, नाचणीची आंबील, साबुदाण्याची खीर, सांज्याचा पातळ शिरा, दुधात कुस्करलेले केळे, उकडून कुस्करलेला बटाटा, दुधात किंवा सांबारात भिजवलेली मऊ इडली, मऊ शिजवलेले अंडे असे पदार्थ कोमट वा थंड करून देता येतात. घशाला झोंबत नसेल तर गोडसर ताकही चालते. नुसत्या पेजेवर पंधरा दिवस काढल्यास अशक्तपणा येतो. त्यामुळे डाळीचे पाणी, दूध, दही, अंडी यांतून प्रथिने मिळतील असे पाहावे. या काळात दोन-तीन किलो वजन घटणे विरळा नाही. नेहमीचा आहार सुरू झाल्यावर ते भरून येते.

लिंबू, चिंच, टोमॅटो, संत्री, अननस यांसारखे आंबट आणि तिखट, मसालेदार पदार्थ जखमेला झोंबतात. चिवडा, चकली, पापड, कडक टोस्ट, खाकरा, भाकरीचा करकरीत पापुद्रा हे पदार्थ टोचतात. त्यांनी जखम बिघडतेच असे नसले तरी पहिल्या दहा दिवसांत ते दूर ठेवलेले बरे. कढत चहा-कॉफी निववून घ्यावी. बीट, डाळिंब किंवा कोकमाचे सरबत टाळण्याचे आणखी एक कारण आहे : थुंकीला किंवा उलटीला लाल रंग आल्यास ते रक्त आहे की नाही, हे ओळखणे कठीण होते.

थंड पदार्थांनी टॉन्सिल सुजतात, या परंपरागत समजुतीमुळे शस्त्रक्रियेनंतर आइस्क्रीम देण्यास घरातील वडीलधारी मंडळी कचरतात. थंडाव्याने घशाची संवेदना काही काळ बोथट होते आणि रुग्णाला गिळणे जमते, हा त्यामागील हेतू असतो. बर्फाचा चुरा चघळूनही तेच साधते. आइस्क्रीम हे औषध नव्हे आणि सक्तीचेही नाही. दूध प्यायल्यावर ज्यांना घसा चिकट वाटतो, त्यांनी त्यावर थोडे पाणी प्यावे.

धूम्रपान, तंबाखू, गुटखा, मिश्री, सुपारी आणि मद्य या गोष्टी किमान दोन आठवडे पूर्णपणे वर्ज्य कराव्यात. धुराने आणि तंबाखूने जखम भरण्यास विलंब होतो. तंबाखू सोडण्याचा विचार मनात असलेल्यांना ही सक्तीची विश्रांती पुढे कायम ठेवता येण्यासारखी असते.

रक्तस्राव : क्षणाचाही विलंब नको

टॉन्सिलच्या जागेला बाह्य ग्रीवा धमनीच्या अनेक शाखांकडून रक्तपुरवठा होतो. म्हणूनच येथील रक्तस्राव थोडक्यात थांबू शकतो, तसाच तो अल्पावधीत गंभीरही होऊ शकतो. पहिल्या २४ तासांतील रक्तस्रावाला प्राथमिक, तर त्यानंतरच्या रक्तस्रावाला दुय्यम म्हणतात. इंग्लंड आणि उत्तर आयर्लंड येथे २००३-०४ मध्ये सुमारे ३४ हजार शस्त्रक्रियांच्या झालेल्या पाहणीत रक्तस्रावाचे एकूण प्रमाण ३.५ टक्के, तर प्रौढांमध्ये ४.९ टक्के आढळले होते. कोणत्या रक्तस्रावाची नोंद करायची याचे निकष निरनिराळे असल्याने अशा आकड्यांची थेट तुलना करता येत नाही. तथापि प्रौढांना हा धोका मुलांपेक्षा अधिक असतो, ही गोष्ट त्यातून स्पष्ट होते.

थुंकीत वाळलेल्या रक्ताचा ठिपका किंवा एखादी गुलाबी रेघ दिसल्यास शस्त्रक्रिया केलेल्या डॉक्टरांना दूरध्वनीने कळवावे. ताजे लाल रक्त येत असल्यास, रक्ताची गाठ बाहेर पडल्यास किंवा रक्ताची उलटी झाल्यास मात्र विचारपूस करीत न बसता तातडीच्या विभागात जावे. रक्त थोड्या वेळाने आपोआप थांबले तरीही जाणे टाळू नये, कारण छोटा रक्तस्राव ही पुढील काही तासांतील मोठ्या रक्तस्रावाची पूर्वसूचना असू शकते. झोपेत रुग्ण वारंवार आवंढे गिळत असेल तर रक्त घशातून आत जात असल्याची शक्यता असते. अशा वेळी त्याला उठवून उजेडात घसा पाहावा. काळी, डांबरासारखी शौचास होणे हेही रक्त पोटात गेल्याचे चिन्ह असू शकते.

रुग्णालयात पोहोचेपर्यंत रुग्णाने आडवे होऊ नये. बसून पुढे झुकावे, रक्त गिळण्याऐवजी भांड्यात थुंकावे, म्हणजे किती रक्त गेले याचा डॉक्टरांना अंदाज येतो. काही खाऊ नये, कारण पुन्हा भूल देण्याची वेळ येऊ शकते. स्वतः वाहन चालवू नये. देशात ११२ हा आपत्कालीन क्रमांक आणि बहुतेक राज्यांत १०८ ही रुग्णवाहिका सेवा उपलब्ध आहे. रुग्णालयात शिरेतून द्रव सुरू करून रक्ततपासणी केली जाते. काही रुग्णांना केवळ निरीक्षणाखाली ठेवणे पुरते, तर काहींना शस्त्रक्रियागृहात नेऊन रक्तवाहिनी बंद करावी लागते. वेळेवर पोहोचलेले बहुसंख्य रुग्ण यातून पूर्ण बरे होतात. म्हणूनच घरापासून रुग्णालयाचे अंतर हा या पंधरवड्यातील कळीचा मुद्दा ठरतो.

रक्तस्रावाखेरीज श्वास घेण्यास त्रास होणे, बारा तासांहून अधिक काळ पाणीही न गिळता येणे, पहिल्या दोन दिवसांनंतर ताप ३८.५ अंश सेल्सियसच्या वर जाणे, मान ताठ होणे किंवा एका बाजूची वेदना अचानक वाढणे या तक्रारींसाठीही डॉक्टरांना त्वरित दाखवावे.

कामावर परतणे, प्रवास आणि विमा

बैठे काम करणाऱ्यांनी दहा ते चौदा दिवसांची, तर अंगमेहनतीचे काम करणाऱ्यांनी पूर्ण दोन आठवड्यांची रजा गृहीत धरावी. शिक्षक, गायक, वकील, दूरध्वनी सेवा केंद्रांतील कर्मचारी अशा आवाजावर उपजीविका असणाऱ्यांना आणखी आठवडा-दोन आठवडे लागू शकतात. संपूर्ण मौनाची गरज नसते. हळू आवाजात थोडे बोलल्याने अपाय होत नाही, ओरडणे मात्र टाळावे. जड वजन उचलणे, धावणे, व्यायामशाळा आणि पोहणे दोन आठवडे बंद ठेवावे. झोपताना उशा वाढवून डोके उंच ठेवल्यास सूज आणि घोरणे कमी होते.

नोकरीनिमित्त परराज्यात राहणारी अनेक कुटुंबे शस्त्रक्रियेसाठी मूळ गावी किंवा मोठ्या शहरात जातात आणि रुग्ण चालता-फिरता होताच परतीची गाडी पकडतात. पाचव्या-सहाव्या दिवशी रात्रभराचा रेल्वेप्रवास म्हणजे धोक्याच्या ऐन काळात रुग्णालयापासून दूर राहणे होय. पहिले चौदा दिवस कान-नाक-घसा विभाग असलेल्या रुग्णालयाच्या आटोक्यात राहावे आणि या काळात विमानप्रवासही टाळावा, असा सर्वसाधारण सल्ला आहे. एकट्याने राहणाऱ्यांनी किमान दहा दिवस कोणीतरी रात्री सोबतीला असेल, अशी व्यवस्था आधीच करावी.

खर्चाच्या दृष्टीने विमा पॉलिसीच्या अटी पाहणे आवश्यक आहे. २०२० मध्ये सर्व सामान्य व आरोग्य विमा कंपन्यांसाठी लागू झालेल्या ‘आरोग्य संजीवनी’ या प्रमाणित पॉलिसीत टॉन्सिलच्या शस्त्रक्रियेचा समावेश २४ महिन्यांच्या प्रतीक्षा कालावधीच्या यादीत करण्यात आला होता. अन्य पॉलिसींतही अशी अट असू शकते. रक्तस्रावामुळे पुन्हा दाखल व्हावे लागल्यास त्या खर्चाचे काय, हेही आधीच विचारून घ्यावे.

त्यानंतर

टॉन्सिल काढल्याने रोगप्रतिकारशक्ती नाहीशी होते, ही भीती अनेकांना शस्त्रक्रियेपासून परावृत्त करते. टॉन्सिलसारखेच काम करणारी लसिका ऊती शरीरात अन्यत्र पुष्कळ असते आणि शस्त्रक्रियेनंतर प्रौढांच्या प्रतिकारशक्तीत व्यवहारात जाणवेल अशी घट झाल्याचे आढळत नाही. दुसऱ्या बाजूने, यापुढे घसा कधीच दुखणार नाही, ही अपेक्षाही चुकीची आहे. सर्दी-पडशाबरोबर येणारा घसादाह टॉन्सिल नसतानाही होतो.

संधिवाताच्या तापानंतर हृदयाच्या झडपांचे रक्षण करण्यासाठी ज्यांना नियमित पेनिसिलिन दिले जाते, त्यांनी टॉन्सिल काढल्यावर ते बंद करू नये. शस्त्रक्रिया हा त्या औषधाला पर्याय नाही. काढलेली ऊती तपासणीसाठी पाठवली असल्यास अहवाल हाती घेऊन डॉक्टरांना दाखवणे हाही उपचाराचाच भाग आहे. एकाच बाजूची गाठ मोठी असलेल्यांच्या आणि तंबाखू सेवन करणाऱ्यांच्या बाबतीत या अहवालाकडे दुर्लक्ष करणे महागात पडू शकते.

शस्त्रक्रियेची तारीख ठरवतानाच पुढील चौदा दिवसांची आखणी करावी, हे या साऱ्याचे सार. औषधांचे वेळापत्रक, पातळ आहाराचे साहित्य, रात्रीची सोबत, जवळच्या रुग्णालयाचा क्रमांक आणि कार्यालयातील पूर्ण रजा एवढी तयारी असली, तर हा पंधरवडा त्रासाचा असला तरी सुरक्षितपणे पार पडतो.